मोठ्या चोणकासाठी ८-९ इंची ल्युअर (नकली आमिष) घ्यायचंय, सल्ला हवा (बजेट ६,००० रुपये)

रंकाळा_गळ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर, मंगळवार पेठेतला. सहा वर्षं झाली गळ टाकतोय. सुरुवात गांडुळावर चिलापी धरण्यापासून झाली, पुढं रबरी बेडकावर मरळ. मामाचं गाव आचऱ्याजवळ, त्यामुळं दिवाळीनंतर चार-पाच दिवस खाडीवर असतो. तिथला माझा आजवरचा सगळ्यात मोठा चोणक ५४ सेंटिमीटर.

गेल्या मे महिन्यात मामांच्या शेजाऱ्याच्या जाळ्यात १४ किलोचा चोणक आला. पडवीत पाटावर ठेवला होता. तोंड उघडून आत हात घातला, तर माझी बंद मूठ आत सहज फिरत होती. पोट फाडल्यावर अख्खं शेवटं (खाडीतला एक मासा) निघालं, वीतभराहून मोठं, एका अंगाचे खवले अजून चमकत होते. तेव्हापासून डोक्यातून एक गोष्ट जात नाही. वीतभर शेवटं गिळणारा मासा माझ्या ४ इंची शॅडसाठी (रबरी माशासाठी) जागेवरून हलेल कशाला?

अमेरिकेत लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी लोक ८-१० इंची स्विमबेट (पोहत्या माशासारखं ल्युअर) टाकतात. बास वेगळा आणि आपला चोणक वेगळा, हे मला माहीत आहे. पण दोघंही आडोशाला दबा धरून बसतात आणि भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढून घेतात. मग तीच युक्ती खाडीत का चालू नये?

माझ्याकडं ७ फुटी रॉड आहे, त्यावर १०-३० ग्रॅम लिहिलंय, म्हणजे तेवढ्या वजनाच्या ल्युअरसाठी. ३००० नंबरचं रील, २० एलबी (पौंड ताणाची) ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. ल्युअर कोणतं घ्यावं आणि रॉड-रील बदलावं लागेल का? सगळं मिळून ६,००० च्या आत बसवायचंय. कृपया बजेट बघून सांगा.

शिरोळचा_वाघ
भावा, पहिलं काम, बजेट वाढव. मी गेल्या वर्षी १४,५०० चा सेट घेतला, जपानी रील, ८ फुटी हेवी रॉड. त्याच्यावर खिद्रापूरच्या बाजूला साडेसहा किलोची मरळ काढली. काठावर माणसं गोळा झालती बघायला. स्वस्तातलं घेऊन दोनदा रडण्यापेक्षा एकदाच चांगलं घे. आणि मरळ सोडून कोकणात कशाला जातोयस? इथं काय कमी आहे?

रंकाळा_गळ
दादा, मरळ सोडलेली नाही. पण १४,५०० जमणार नाहीत. ६,००० च आहेत.

देवगडकर
मी देवगडचा. वडलांच्या वेळेपासून आमच्या घरात गरवणं चालू आहे. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. ९ इंची ल्युअर घेऊ नका. ४ ते ५ इंची शॅड, २० ते २५ ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर), एवढंच घ्या. आमच्या खाडीत माझा सगळ्यात मोठा चोणक ११ किलोचा, तो पावणेपाच इंची शॅडवर आला. मोठा मासा लहान खातच नाही असं काही नसतं. कोलंबी केवढी असते? आणि दहा किलोचा चोणक कोलंबीवर रोज गावतो.

ल्युअरपेक्षा वेळेचं बघा. हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सहाला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. पंचमीला पावणेचार. भरती उतरायला लागली की खाजणातलं, तिवराच्या मुळांतलं पाणी छोट्या वहाळांनी खाडीत येतं आणि त्याच्याबरोबर शेवटी, कोलंबी, सगळं बाहेर ओढलं जातं. चोणक वहाळाच्या तोंडाशी, वाहतं आणि थांबलेलं पाणी जिथं मिळतं त्या रेषेवर उभा असतो. उजाडताना सुकती (ओहोटी) लागलेली असेल अशी तिथी पकडा. एवढं केलं तर जुना रॉडही चालेल.

बासवेडा_पुणे
देवगडकरांचा आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो, कारण या विषयावर मी बरंच वाचलंय.

कॅलिफोर्नियात मोठी ल्युअर का चालली, ते आधी बघा. १९५९ मध्ये सॅन डिएगोच्या तलावांत फ्लोरिडातल्या जातीचे बास सोडले. ही जात मुळातच जास्त वाढते. त्याच तलावांत हौशी लोकांसाठी रेनबो ट्राउट सोडले जायचे. बासना आयतं, चरबीचं, ८-१० इंची खाणं मिळालं आणि ते फुगत गेले. कॅस्टेइक तलावात १९९१ मध्ये २२ पौंडांचा बास निघाला. तिथल्या लोकांनी ट्राउटच्या मापाची आणि रंगाची ल्युअर करायला घेतली ती यामुळं. म्हणजे ल्युअरचं माप तिथल्या खाण्यावरून ठरलं.

ऑस्ट्रेलियात तर तुमचाच मासा आहे. चोणक म्हणजेच त्यांचा बारामुंडी. क्वीन्सलँडच्या मोंडुरान, अवूंगा अशा धरणांत तो सोडतात, कारण गोड्या पाण्यात त्याची वीण होत नाही. तिथं मीटरभराच्या माशांसाठी लोक मोठी स्विमबेट सर्रास टाकतात.

तेव्हा प्रश्न एवढाच की आचऱ्याच्या खाडीत वीतभर शेवटी थव्यानं असतात का? असतील तर तुमचा विचार बरोबर आहे. आणि ल्युअर जपानीच घ्या. माझ्याकडं २५० मिलिमीटरचं एक ग्लाइडबेट आहे, संथ ओढलं की डावी-उजवीकडं वळणं घेत येतं, बघत राहावंसं वाटतं. एकच ल्युअर ९,००० ला पडलं, पण जिवंत वाटतं.

गळ_आणि_गूळ
बजेट ६,००० आणि ल्युअर ९,००० चं? अहो, वाचा तरी.

दुसरं, बासचा विक्रम मोठ्या ल्युअरवर झालेला नाही. जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरितानं २००९ मध्ये धरला, तो जिवंत ब्लूगिल (गोड्या पाण्यातला एक मासा) लावून. मोठ्या ल्युअरचा उदोउदो करणारे हे सांगत नाहीत.

बासवेडा_पुणे
मी कुठं म्हटलं तो ल्युअरवर धरला? आणि कुरिता एकटा नाही. १९३२ चा जॉर्ज पेरीचा जॉर्जियातला २२ पौंड ४ औंसाचा बास अजून बरोबरीत आहे. कुरिताचा जवळजवळ एक औंस जड होता, पण २५ पौंडांच्या आतला विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची नावं आहेत. पेरीचा मासा ल्युअरवरच आला होता.

गळ_आणि_गूळ
बरं, पण कुरिताचा तर जिवंत ब्लूगिलवरच आला, हे ल्युअरवाल्यांनी बघावं.  

शिरोळचा_वाघ
इथं चोणकाचं चाललंय, बास कुठनं आला? मी परत सांगालोय, मरळ. पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लांचा लाल गोळा पाण्यावर दिसला की खाली नर-मादी दोघं राखण करत असतात. त्या गोळ्यावर बेडूक टाकला की झटका ठरलेला.

खाडीची_लेक
पिल्लांच्या गोळ्यावर गळ टाकू नका हो. आई-बाप काढले की चिलापी दहा मिनिटांत गोळा संपवते. मरळ कमी का झाली म्हणून मग आपणच विचारतो.

मूळ प्रश्नाकडं येते. मी मालवणची, आता नोकरीसाठी कोल्हापुरात, कसबा बावड्याला. दादा, तुम्ही ल्युअर विचारलंत, मी हातमोजे सांगते. चोणकाला मरळीसारखे सुळे नसतात, म्हणून नवखा माणूस निर्धास्त गलफडात बोटं घालतो. गलफडाच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. २०२१ मध्ये कालावलच्या खाडीत माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मिळून सात टाके पडले, अंधारात, होडीत, आणि मासा जेमतेम तीन किलोचा होता. खालचा जबडा पकडणारा क्लिप घ्या, ४०० रुपयांना मिळतो. ते ४०० बजेटमधून आधी बाजूला काढा.

लीडरचंही (ब्रेड आणि ल्युअर यांच्यामधला जाड तुकडा) तसंच. २० एलबी ब्रेडला थेट ल्युअर बांधू नका. जबडा कानसेसारखा खरखरीत असतो. ६० एलबीचा मीटरभर तंगूस लीडर बांधा आणि प्रत्येक माशानंतर त्यावरून नख फिरवून बघा. खडबडीत लागला की तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधा.

आणि एक कळकळीचं. चोणक आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की त्याची मादी होते. म्हणजे तुम्ही ज्या माशाच्या मागं लागलाय, त्या मोठ्या बहुतेक माद्याच. तुमच्या मामांच्या शेजाऱ्याचं जाळं त्यांच्या पोटाचं आहे, मी त्यांना काही म्हणत नाही. पण आपण हौसेनं धरतोय, तर मोजा, फोटो काढा, सोडा.

रंकाळा_गळ
ताई, मनापासून आभार. क्लिप घेतोच. सोडायचं माझंही ठरलेलं आहे.

बासवेडा, वीतभर शेवटी तिथं आहेत. मार्चमध्ये संध्याकाळी थवाच्या थवा वर येतो.

इचलकरंजी_लूम
रॉडबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून सांगतो. माझ्याकडनं झालेली चूक तू करू नकोस. माझ्याही रॉडवर ३० ग्रॅमच लिहिलं होतं. ८५ ग्रॅमचं स्विमबेट लावून जोरात झटकलं. पहिल्या कास्टला ब्रेड तुटली आणि १,८०० चं ल्युअर एकटंच उडत गेलं, टप्पकन पडलेलं बघितलं मी. दुसरं लावून हळू टाकलं, तर चौथ्या कास्टला रॉड वरच्या तिसऱ्या गाईडपाशी (दोरीच्या कडीपाशी) मोडला. ८ इंची ल्युअर ८०-१०० ग्रॅम भरतं, तुझ्या रॉडच्या तिप्पट. तुझं बहुतेक बजेट रॉड-रीलवरच गेलं पाहिजे.

माझा आताचा सेट लिहितो. फायबरचा जाड ७ फुटी रॉड, ४०-१०० ग्रॅमचा, २,१०० ला. वजनदार आहे, संध्याकाळी मनगट भरून येतं, पण मोडत नाही. ५००० नंबरचं साधं रील २,४०० ला. ५० एलबी ब्रेड ७०० ची. झाले ५,२००. ताईंचा क्लिप ४०० चा. उरतात ४००. त्यात ८ इंची लांब रबरी शॅड दोन येतात. आणि झटकून कास्ट करू नको. ल्युअर रॉडच्या टोकाखाली दोन फूट लोंबू दे, मागं ने, वजन रॉडवर आलेलं जाणवलं की गोफण फिरवल्यासारखं संथ सोड.

तुटका_तंगूस
ऑनलाइन ल्युअर घेणाऱ्यांनी सावध. मी एका ऑनलाइन दुकानातून ९ इंची जोडाचं ल्युअर मागवलं. फोटोत पोहत होतं, पाण्यात एका कुशीवर झोपलं. गळ तर असे की हातानं सरळ झाले. परत घ्यायला तयार नाहीत, म्हणे वापरलेला माल आहे. पाण्यात टाकल्याशिवाय कळणार कसं? पैसे गेले ते गेलेच.

इचलकरंजी_लूम
गळ सगळ्यांनी बदलायचेच. ल्युअर कितीचंही असो, कंपनीचे ट्रेबल (तीन काट्यांचे गळ) काढून जाड तारेचे बसवायचे.

देवगडकर
जड ल्युअरचा अजून एक दोष सांगतो, तो महत्त्वाचा आहे. चोणक उडी मारतो आणि हवेत तोंड उघडून डोकं झाडतो. तोंडात २० ग्रॅमची शॅड असेल तर ती लटकत राहते. १०० ग्रॅमचं लाकूड असेल तर तेच हातोड्यासारखं फिरून गळ उपटून काढतं. म्हणून मोठ्या ल्युअरवर लागलेले मासे जास्त सुटतात. तरी वापरायचंच असेल तर रिंग आणि गळ यांच्यामध्ये एक भिंगरी टाका, म्हणजे ल्युअर फिरलं तरी गळ जागेवर राहील. मासा वर यायला लागला, दोरी तिरपी होऊन वर चढताना दिसली, की रॉडचं टोक खाली पाण्यात घाला. उडी अर्धीच होते.

मी अजूनही म्हणतो, ५ इंची शॅड.

मु_पो_राधानगरी
मी तर म्हणतो ५ इंची शॅड घे. माझ्या मेव्हण्यानं तारकर्लीला त्याच्यावर सहा चोणक काढले, एका रात्रीत.

कुंभीकाठ
रंकाळा_गळ, एवढा खर्च करून कोकणात जाण्यापेक्षा पंचगंगेसाठी काहीतरी करा सगळ्यांनी मिळून. आमच्या लहानपणी राजाराम बंधाऱ्याखाली वाम, शिवडा, खडशी सगळं मिळायचं. बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) काढले की बंधाऱ्याखाली माणसं रांगेनं गळ टाकून बसायची. आता उन्हाळ्यात काळं पाणी येतं आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. मी माझ्या नातवाला गळ शिकवला, तो चिलापी सोडून दुसरा मासा ओळखत नाही. मनाला फार लागतं.

खाडीची_लेक
काका, याच्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. बावड्यात राहते, ते पाणी रोज बघते.

लाकूडकाम_भुदरगड
मी गारगोटीचा, सुतारकीचं घरचं काम. मरळीसाठी लाकडी ल्युअर स्वतः करतो, त्यामुळं विकत घेण्याच्या भानगडीत पडत नाही. रंकाळा_गळ, तुम्हाला ९ इंची शेवटंच हवंय ना, मग करून घ्या. शिवणीचं लाकूड हलकं असतं, कापायला लोण्यासारखं, आणि फुगत नाही. दोन तुकडे करायचे, पुढचा मोठा, मागचा लहान, मध्ये पितळी आकड्यांचा जोड. जोड किती सैल ठेवला त्यावर वळण ठरतं. घट्ट झाला तर काठीसारखं येतं, फार सैल झाला तर शेपूट मागं गुंडाळलं जाऊन गळ दोरीत अडकतो. पोटात शिसं ओतायच्या आधी बादलीत तरंगवून बघायचं. पाठ जेमतेम बुडाली आणि ल्युअर आडवं राहिलं, की जमलं. मग पॉलिशचे तीन हात. मिठाच्या पाण्यासाठी स्टीलची तार आरपार घाला, नुसते स्क्रू ठेवू नका, मोठा मासा स्क्रू लाकडासकट ओढून नेईल.

माझा तरी अनुभव आहे की दुकानातल्या ल्युअरपेक्षा हातचं ल्युअर जास्त चालतं. गेल्या वर्षी पाटगावच्या बाजूला...

शिरोळचा_वाघ
पाटगावला मरळ केवढी मिळाली?

लाकूडकाम_भुदरगड
अडीच किलो. दोन.

रंकाळा_गळ
मंडळी, सगळ्यांचं वाचलं, दोन-दोनदा वाचलं. ठरवलंय ते सांगतो.

रॉड, रील, ब्रेड इचलकरंजीवाल्या दादांनी सांगितलं तसंच. क्लिप ताईंचा. ल्युअर मात्र ९ इंचीच, लाकडी. गारगोटीला जाऊन आलो, दादांनी शेजारी बसवून माझ्याकडनंच करून घेतलं, पैसे घेतले नाहीत. ११० ग्रॅम भरलं. पाठ करडी, पोट पांढरं, पडवीत बघितलेल्या त्या शेवट्यासारखं. देवगडकर काका, तुमचं ५ इंचीचं सांगणं पटतंय, पण या वेळी पिशवीत शॅड ठेवणारच नाही. जवळ असली की तासाभरात हात तिकडं जातो, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. बाकी वेळ तुमच्या हिशोबानंच. संकष्टीची पहाट धरली होती, पण आई म्हणाली संकष्टीला मासे मारायला जायचं नाही. म्हणून पंचमी. पावणेचारला भरती, उजाडताना अर्धी सुकती.

देवगडकर
पंचमी चांगलीच. जा. पण संथ ओढा, वहाळाच्या तोंडाच्या वरून टाकून प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या. शेवटं प्रवाहाच्या उलट तोंड करून मागं सरकत येतं, तसं.

रंकाळा_गळ
परत आलो. चार दिवस झाले. घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

पंचमीची पहाट, काही नाही. षष्ठी, काही नाही. माझ्यापासून पन्नास फुटांवर गावातली दोन पोरं शॅडवर गरवत होती. त्यांनी दोन दिवसांत सहा चोणक काढले, सगळ्यात मोठा साधारण चार किलो. त्यातलं एक पोरगं येऊन माझं ल्युअर हातात घेऊन बघून गेलं. मनगट एवढं सुजलं की चहाचा कप डाव्या हातानं धरत होतो.

सप्तमीला वहाळाच्या तोंडाशी पाणी निघायला उशीर झाला. सात वाजून गेले, ऊन आलं. काकांनी सांगितलं तसं वरून टाकलं, प्रवाहाबरोबर येऊ दिलं, रीलचं हँडल अर्धंच फिरवून थांबत होतो. ल्युअर काठापासून दहा-बारा फुटांवर, मला दिसत होतं, डावीकडं वळलं. त्याच्या मागं पाणी तांबूस झालं. मग तो आवाज. भिजलेली उशी फरशीवर आपटल्यासारखा. ल्युअर होतं तिथं खड्डा पडला.

दोरी तीस मीटर गेली. पहिल्या उडीला टोक पाण्यात घातलं, अर्धाच वर आला. डोकं बघितलं मी, मंडळी. त्या १४ किलोच्या डोक्यापेक्षा लहान नव्हतं. दुसऱ्या उडीला मी चिखलात गुडघ्यापर्यंत होतो, टोक खाली न्यायला उशीर झाला. पूर्ण बाहेर आला, डोकं झाडलं, आणि ल्युअर माझ्या दिशेनं उडत येऊन पाण्यात पडलं.

ते आता समोर टेबलावर आहे. मागच्या ट्रेबलचा एक काटा सरळ झालाय. पॉलिशचे तिन्ही हात दोन्ही बाजूंनी खरवडलेत, पॉलिश पेपर मारल्यासारखे. एका बाजूच्या खरवड्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत टेप लावला, १३ सेंटिमीटर. म्हणजे तेवढं लाकूड त्याच्या तोंडात होतं. लीडर नखाला खडबडीत लागतोय.

गारगोटीच्या दादांना विचारायचंय. जोडाच्या पुढं अजून एक भिंगरी बसेल का, की वजन बिघडेल? पुढच्या पंचमीला परत जायचंय.

लाकूडकाम_भुदरगड
बसेल. पोटातलं शिसं ४-५ ग्रॅम कमी करू. रविवारी या, खरवडे तसेच ठेवा, पॉलिश मारू नका.

देवगडकर
गळ कोणत्या तारेचे होते? एवढ्या माशाला जाड हवेत, मी तुमच्यासाठी इथून आणून ठेवतो. आणि पुढच्या वेळी आचऱ्यातून निघताना फोन करा, मीही येतो बघायला. माझी शॅड घेऊनच येईन.

शिरोळचा_वाघ
रॉड फायबरचा २,१०० चा का? टिकला म्हणायचा. लिंक टाक.